आगीची वर्दी

गादी काही केल्या पेट घेईना. शिलाईवालीने दुकानातल्या चिंध्यांची अख्खी पिशवी खाली कोंबली, काड्यांची अर्धी पेटी संपवली, तेव्हा कुठे एका कोपऱ्यातून धूर निघाला. अग्निशमन दलाला फोन करून दहा मिनिटं होऊन गेली होती. गल्लीच्या टोकाला आग भडकलीय, घरांपर्यंत यायच्या बेतात आहे, असं तिनेच रडवेल्या आवाजात सांगितलं होतं. आणि इथे आग म्हणावी तर विडीही पेटणार नाही एवढी.

मागे गल्लीत भांडी मांडून तयार होती. पिंपं, बादल्या, पातेली, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचा टब, सगळं दोन सरळ रांगांत. मांडणी पोस्टातल्या वहिनींची. त्यांना कुठे ओळ वाकडी दिसली की चैन पडत नाही.

नऊ दिवस पाण्याचा टँकर फिरकला नव्हता. बाकीची घरं कसंबसं भागवत होती, पारोशी राहत होती. शिलाईवालीला ती सोय नव्हती. खुब्याचं हाड मोडून सासू तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली, सगळं जागेवरच. न धुतलेल्या चादरींचा ढीग खिडकीपर्यंत आला होता आणि परवापासून म्हातारीच्या पाठीवर लाल चट्टे दिसायला लागले होते. अंथरूण स्वच्छ नि कोरडं राहिलं नाही तर जखमा होतील, मग माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासू दिवसभर एकच घोकायची, माझ्यापायी तुझे हाल गं. शेवटी वाया गेलेली गादी तिने ओढत मोकळ्या जागेत आणली आणि गल्लीला आपला बेत सांगितला. वहिनी आधी नको नको म्हणाल्या, मग स्वतःची सात भांडी घेऊन आल्या.

आता ती गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. नाकातोंडात धूर, कानांत स्वतःच्याच खोकल्याचा आवाज. लाल गाडी पाठीमागे येऊन उभी राहिली ते तिला कळलंच नाही. अंगावर सावली पडली तेव्हा तिने मान वर केली.

“विझवताय?” गाडीतून उतरलेल्या साहेबांनी विचारलं.

पुठ्ठा तिच्या हातातच राहिला. साहेब अंगाने आडवे, मिशा पिकलेल्या. त्यांनी गादीकडे पाहिलं, मग सावकाश मागे वळून गल्लीकडे.

“ही भांडी?”

“आग विझवायला बाहेर काढली, साहेब,” वहिनी म्हणाल्या.

“रिकामी?”

वहिनींनी वाकून एक बादली ओळीत सरळ केली.

फोन कुणी केला, असं साहेबांनी विचारलं. सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले, जणू तिकडे काही होतं. खोटी वर्दी देणं गुन्हा आहे हे शिलाईवालीला ठाऊक होतं. आपण पोलीस चौकीत आणि सासू ओल्या अंथरुणात एकटी, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

“मी केला,” ती म्हणाली. “यांच्यातल्या कुणाचा काही संबंध नाही.”

आणि मग तिला थांबताच येईना. टँकर, चादरी, चट्टे, सगळं अडखळत सांगून टाकलं. साहेब तिच्या दाराशी गेले. उंबऱ्यापाशी त्यांचं पाऊल अडलं. खिडक्या सताड उघड्या होत्या तरी वास अंगावर येत होता. आतून सासूने विचारलं, कोण आहे, टँकरवाले का? साहेबांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. मग ते परत फिरले.

“गादीची आग वाईट,” ते आपल्या माणसांना म्हणाले. “वरून विझते, आत धुमसत राहते. नीट थंड करा.”

जवानाने पाइप रोखला. गादी पहिल्या फवाऱ्यालाच गार झाली. आता कुठे मारू, असं त्याने विचारलं.

“त्या निळ्या पिंपात धुमसतंय.”

जवान आधी गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो मुकाट्याने पिंपाकडे वळला. पिंपामागून बादल्या, बादल्यांमागून पातेली. अर्धी टाकी मात्र साहेबांनी राखून ठेवली आणि हे पाणी कुणी पिऊ नका, नुसतं वापरायला घ्या, असं सगळ्यांना दोनदा सांगितलं.

शिलाईवालीला गाडी जाईपर्यंत दम निघाला नाही. पहिली भरलेली बादली तिने दारातच आणली आणि चादरी धुवायला बसली. साबण लावला, आणि गेल्या काही दिवसांच्या सवयीने तांब्याभर पाण्यातच खळबळायला लागली. आतून सासूचा आवाज आला. या तीन आठवड्यांत असा खणखणीत आवाज तिने ऐकला नव्हता.

“आज हात आखडू नकोस गं. ओत भरपूर.”

तिने बादली उपडी केली. छातीवरचा धोंडा उतरला होता. तिला रडू फुटलं आणि तिने ते येऊ दिलं.

निघताना साहेबांनी तिला गाडीपाशी बोलावलं. ती ओल्या हातांनीच गेली. त्यांनी तिला चांगलंच खडसावलं. आत्ता दुसरीकडे कुणाचं घर खरोखर पेटलं असतं तर त्या लोकांनी कुणाच्या नावाने बोटं मोडायची होती? पुन्हा आग लावायची नाही, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं, वर चढले आणि दार ओढून घेतलं. मग काच खाली केली.

“दर शनिवारी आम्हाला पंप चालवून बघावा लागतो,” ते म्हणाले. “कुठे उभं राहून चालवायचा, ते काही नियमात लिहिलेलं नाही.”