नऊ वाजताचं पाणी

"बघ, बघ! कुठं हाय तुजा चिखल?" जनूने बायकोला खाडीकडे बोट दाखवलं. भरतीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलं होतं. "धक्क्याचे दगड उरलेत, त्यांचा जाळी वाळवायला ओटा बांधू. खालपर्यंत पायऱ्या हव्यात कशाला?"

आईबापाचं हे भांडण अनिता वर्षभर ऐकत होती. आज तिचं लक्षच नव्हतं. हातात फोन होता आणि तिकडे रोह्याच्या प्रयोगशाळेत तिचा सहकारी फैजल रिकामं खोकं घेऊन बसला होता. सव्वानऊला कुरियरवाला येणार आणि तिचा प्रकाश वाढवणारा अॅम्प्लिफायर कंपनीकडे परत जाणार.

तांदळाच्या कणीएवढा सेमीकंडक्टरचा तुकडा, पण पोरीची दोन वर्षं त्यात गेलेली. प्रकाशाची तीव्रता सेकंदाला हजार कोटी वेळा कमीजास्त होते, तीच ही लाट; तिला थेट टिपणारं यंत्र यांच्याकडे कुठलं! म्हणून त्या तुकड्यात लाटेसोबत दुसऱ्या प्रकाशाच्या बारीक चमका सोडायच्या. दोघं भेटले की तिसऱ्याच रंगाचा उजेड निघतो. लाट उंच असेल तर जास्त, खोल असेल तर कमी. तो मोजत मोजत लाट पडद्यावर उभी करायची. पण आठवडाभर पडद्यावर नुसती सरळ रेघ. तुकडा जळला, असं सरांनी सांगून टाकलं. नवा यायला तीन महिने, आणि अनिताची फेलोशिप पुढच्या महिन्यात संपणार. काल हात टेकून ती घरी आली होती.

"मी येतो तवा पानी भरलेलंच असतं," जनूचं चालूच होतं.

"असनारच!" सगुणा उसळली. ती पलीकडच्या मिठागरावर कामाला निघाली होती, चपला हातात. "तुमी येता तिथीची पाऊणपट करून. आज बारस, बाराची पाऊणपट नऊ; भरती नऊला, तुमी नऊला हजर. उद्या भरती पावणेदहाला, की तुमी पावणेदहाला! भरतीच्या पावलावर पाऊल टाकता, मग दुसरं काय दिसनार? माजी होडी रोज नऊची. खाली पायऱ्याच न्हाईत; कदी मांडीभर चिखल, कदी कमरेला पानी. पंधरा दिसांत अख्खी खाडी बघते मी. आज आपली येळ जमली, येवढंच!"

अनिता ताडकन उठली.

"आई, परत बोल!"

"काय परत बोलू गो? चिखल?"

पण अनिताने फोन लावलासुद्धा. "फैजल, हात लावू नको त्याला! तुकडा ठणठणीत आहे. गाढव मी आहे, मी!"

"आता काय झालं?"

"थरथर कमी व्हावी म्हणून मी लाट आणि चमका एकाच घड्याळाला बांधल्या ना? सरकवायच्या राहिल्याच! प्रत्येक चमक लाटेच्या एकाच जागी पडतेय. सरळ रेघ येणार नाही तर काय येणार? चमकांचा वेग कमी कर. अगदी केसभर."

"कुरियरवाला दारात उभा आहे."

"त्याला चहा पाज!"

होडी धक्क्याला लागली. सगुणा चढेना. पोरीच्या तोंडाकडे बघत ती तशीच थांबली.

"अनिता…" फोनमधून आवाज आला. "रेघ हलली. चढतेय. अगं, चढतेय! आता उतरतेय… या अल्लाह, अख्खी लाट!"

अनिता किंचाळली. आईला मिठी मारून तिने अशी गरगर फिरवली, की सगुणाची एक चप्पल खाडीत गेली. होडीवाल्याने हसत ती वल्ह्याने काढून दिली.

"पोरीला झालं काय?" जनू गोंधळला.

"बाबा, तुमच्यासारखंच चाललं होतं माझं!" अनिता हसत होती, डोळे पुसत होती. "भरतीलाच जायचं आणि म्हणायचं, पाणी हलतच नाही!"

सगुणा पाय न भिजवता होडीत चढली. होडी सुटली, तेव्हा जनूने हाक मारली.

"सगुणे! उद्यापासून पंधरा दिस मी पन नऊलाच येतो."

"कशाला?"

"चपला हातात घेऊन येतो."