टेकचंदचं विमान

काश्मीरच्या लढाईत टेकचंदचं विमान डोंगरांत पडलं, ते सापडलंच नाही. भटजी म्हणाले, "पळसाच्या पानांचा पुतळा करा आणि त्यालाच अग्नी द्या." टेकचंदच्या बापानं, केवलराम सुतारानं, मान डोलावली. पण पोरगा विमानात गेला, तर पुतळाही विमानातच बसून जाईल, असं त्यानं बजावलं.

त्याआधीच्या महायुद्धाच्या काळात बिरसीच्या धावपट्टीवर मजुरी करताना त्यानं विमानं जवळून पाहिली होती. अंगणात बैलगाडीएवढं सागवानी विमान उभं राहिलं. त्याचे पंखे फिरत, दार आतून उघडता येई. खऱ्या विमानाच्या पत्र्यावरचा एकेक खिळा दाखवायला त्यानं बाभळीच्या काट्यांची टोकं ठोकली. धानाचे हंगाम आले नि गेले, विमान मात्र पुरं होईना. आज शेपटी चुके, उद्या खिडकी.

"काऊन लांबवून राहिले जी?" जमुनाबाई नवऱ्यावर करवादायची. "पोराचा जीव तिकडं अटकून राहिला. करून टाका एकदाचं!"

अखेर एका सकाळी केवलरामला कितीही शोधून उणं काही सापडेना. तो रानात गेला आणि पळसाची पानं तोडून आला.

अंगणात विमान एका अंगावर कललं होतं. जमुनाबाई खाली बसलेली, मांडीवर तुटकं चाक, बाजूला कुऱ्हाड.

"चाक ढिला होता जी," त्याच्याकडं न बघता ती म्हणाली. "पयले तो बसवा. पानं काय, पुढच्या साली बी फुटतीन."