अर्जातला शनिवार

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोपेतीच्या व्हॅनच्या बॉनेटखालून धूर आला. तो उतरून दहा पावले लांब गेला, तोवर पुढच्या सीटने पेट घेतला होता. मागे भरलेली कलिंगडे एकामागून एक फुटत राहिली. आसपास दुसरे कोणी नव्हते. नुकसानभरपाईच्या अर्जात त्याने लिहिले: शनिवार, रात्री साडेअकरा.

टोंगा या बेटांच्या देशात रविवारी धंदा करायचा नाही, असा कायदा आहे. पोलीस एखादे वेळी तिकडे काणाडोळा करतात. गाव करत नाही. त्यात लोपेती गावच्या चर्चचा कारभारी. सोमवारच्या जहाजासाठी एका व्यापाऱ्याची कलिंगडे त्याने भाड्याने बंदरावर न्यायचे कबूल केले होते. उजाडायच्या आत परतू, दहाची उपासना गाठू, असा त्याचा हिशेब होता. उपासना त्याने गाठलीही. शनिवारी रात्री बहिणीकडून येताना गाडी जळाली, असे त्याने चर्चच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांना सांगितले. लोक हळहळले. दुपारी तिघा शेजाऱ्यांकडून जेवणाची पाने आली. त्यातले त्याच्याने काही खाववले नाही.

घर त्या व्हॅनवरच चालत होते. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुले, मधल्या वेळात बाजारचा माल. आता त्याची बायको, मेलेआने, चटया विणून त्या डोक्यावर घेऊन बाजाराला पायी जात होती.

सातव्या आठवड्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर आले. व्हॅनच्या सांगाड्यातून काढून नेलेली नोंदयंत्राची पेटी आगीतून वाचली होती. तिच्यानुसार इंजिन शनिवारी सायंकाळी सहाला बंद झाले आणि रविवारी पहाटे चार छप्पनला सुरू झाले. अर्जातली वेळ खोटी दिसते, तेव्हा बाकीचे खरे कसे मानायचे, असा कंपनीचा सवाल होता. आगीचे कारण कळलेले नाही. या मॉडेलची गाडी आपोआप पेटल्याची एकही नोंद जगात कुठे नाही. तीस दिवसांत शपथपत्रावर समाधानकारक खुलासा आला नाही, तर प्रकरण बंद.

मेलेआनेने पत्र वाचून त्याच्यापुढे ठेवले. “गाडी पार जळाली, तरी खरं बोलतेय,” ती म्हणाली. “तुला नुसता धूर लागला, तर तुझा वार बदलला.”

शपथपत्रावर गावच्या पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, सही लागत होती. लोपेती त्यांच्याकडे गेला तो दिवस शनिवारचा होता. पाळक म्हातारे आणि हिशेबी होते. त्यांनी कागद सावकाश वाचला. रविवारी केलेली सही आपल्या देशात टिकत नाही, तेव्हा आजच करतो, असे म्हणून त्यांनी सही केली. मग कागद हाताखाली दाबून धरला.

“उद्या उपासनेत हे तू स्वतः सांगायचंस,” ते म्हणाले. “माझ्या तोंडून फुटलं, तर पाळकानं चहाडी केली म्हणतील. मला इथं अजून तीन वर्षं काढायची आहेत, बाबा.”

रविवारी पहिल्या गीतानंतर लोपेती उभा राहिला. बायकांच्या हातातले पंखे हलत होते.

“माझी व्हॅन शनिवारी नाही, रविवारी जळाली,” तो म्हणाला. “मी भाड्यानं माल नेत होतो. कंपनीलाही खोटं सांगितलं आणि तुम्हालाही.”

पंखे थांबले. तो खाली बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता आला. आता जे होईल ते होवो. कुजबुज सुरू व्हायची तो वाट पाहू लागला.

कुजबुज झाली नाही. तिसऱ्या बाकावरची वासिती उठली. ती विधवा होती आणि गावातली निम्मी लग्ने तिच्या मध्यस्थीने ठरलेली होती. तिच्याकडेही याच बनावटीची व्हॅन होती. ती तिने गेल्या वर्षी वावाऊ बेटावरच्या पुतण्याला देऊन टाकली, असे गाव समजत होते.

“माझ्या पुतण्याकडे कुठलीही व्हॅन गेलेली नाही,” वासिती म्हणाली. “त्याला कुणी देणार म्हटलेलंच नाही. माझीही रविवारीच जळाली. खाणावळीला भाजी पोचवत होते.”

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. तेवढ्यात गायनवृंदाचा प्रमुख कापेली, जो दुसरे गीत सुरू करायला उभाच होता, वहीत बघत म्हणाला, “माझ्या परसात ताडपत्रीखाली झाकलंय ना, ती बोट नाही.”

आठ महिने सगळे गाव त्याला बोट पाण्यात कधी सोडणार, म्हणून विचारत होते.

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “अजून कोणी?” त्यांनी विचारले. अजून कोणी नव्हते. तिघांनाही तीन महिने चर्चच्या कामातून दूर ठेवण्यात आले. त्या दुपारी लोपेती नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या तीन पुरचुंड्या जेवला आणि आडवा होताच झोपी गेला.

सोमवारी तिघांनी मिळून नवा अर्ज पाठवला: तिन्ही सांगाड्यांचे फोटो, तीन खऱ्या तारखा, तीन शपथपत्रे. गुरुवारी कंपनीच्या अभियंत्याचे पत्र आले. तो पुढच्या महिन्यात पाहणीला येणार आहे. भरपाईबद्दल पत्रात एक अक्षर नाही. मेलेआने ते पत्र घेऊन आज राजधानीत वकिलाकडे गेली आहे, ती त्यातल्या शेवटच्या ओळीसाठी. अभियंत्याने विचारले आहे: बाकीच्या देशांत आमच्या या व्हॅन आठवड्याच्या कोणत्याही वारी पेटतात, तुमच्याकडे त्या फक्त रविवारीच का पेटतात?