नववीचा कौल

पाऊण तास झाला तरी देवीच्या अंगावरची एकही कळी पडायला तयार नव्हती. उजव्या खांद्यावर एक, डाव्या खांद्यावर एक, अशा मोगऱ्याच्या दोन टपोऱ्या कळ्या. उजवी आधी पडली तर कुंदाला बीजगणित-भूमिती, डावी आधी पडली तर गृहशास्त्र. फॉर्म तिच्या बापाच्या, भागोजीच्या खिशात होता आणि तो आजच्या आज पोलादपूरच्या शाळेत द्यायचा होता.

हसू नका. एकाहत्तर साली आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या गावात विहिरीची जागा, मुलीचं स्थळ, म्हशीचा सौदा, सगळं देवीला कौल लावूनच ठरायचं. नववीचे विषय तेवढे राहिले होते. त्या वेळी नववीला जे घेतलं ते अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत मानगुटीवर बसायचं. मागे फिरायची सोय नव्हती.

कुंदाला भूमिती हवी होती ती एका ओव्हरसियरमुळे. घाटात रस्ता मोजायला आलेला हा माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि समोरच्या डोंगराची उंची सांगायचा. डोंगर न चढता! कुंदा तोच डोंगर सरपणासाठी रोज चढत होती. तिला हे फारच अन्यायाचं वाटलं. कसं काढता म्हणून तिने विचारलं, तर तो म्हणाला, भूमिती शीक, मग कळेल. तेव्हापासून पोरीने ध्यासच घेतला.

भागोजी काही दुष्ट बाप नव्हता. भित्रा होता. त्याच्या मेहुणीची मुलगी बीजगणितात दोनदा आपटली होती, आणि तिच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते बीजगणित निघत होतं. गृहशास्त्रात कुणी नापास झाल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. दळवी मास्तर तीन मैल चालत घरी आले, चहा प्यायले, पोरीचं डोकं गणितात कसं चालतं ते पोटतिडकीने सांगितलं. भागोजी म्हणाला, बघू. आणि भागोजीचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याच्या गोठ्यातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

तरी कुंदाने आशा सोडली नव्हती. रडू, उपाशी राहू, मास्तरांना पुन्हा बोलावू, असं तिचं चाललं होतं. तेवढ्यात प्रयागआत्याने मध्ये तोंड घातलं. ही भागोजीची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच असायची, आणि तिच्या जिभेपुढे गावातले बापे वाट सोडून चालायचे. ती म्हणाली, एवढा घोळ कशाला घालता, देवीला विचारा. झालं! बापापुढे रडता येतं, देवीने एकदा नाही म्हटलं की संपलं. कुंदाला आत्याचा असा संताप आला की ती दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आज सकाळी सोमा गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घालायला हात जोडले, आणि ऐन वेळी भागोजीच्या डोक्यात नवीनच निघालं. उजवी पडली तर गृहशास्त्र धरू या, म्हणाला, शुभ ते उजवं असावं. गुरवाचे हात जोडलेलेच राहिले. आत्या मात्र उठून उभी राहिली.

"मागणं पोरीचं हाय, तर उजवा पोरीचा. रीत मोडायची असंल तर मोड बाबा, मी आपली घरी जाते."

रीत मोडायची भागोजीची छाती नव्हती. तो खाली बसला. मग सगळेच बसले, कारण कौल लागल्यावर मधेच उठायचं नसतं. एक माशी आली, देवीच्या नाकावर बसली, तिथून डाव्या कळीवर गेली. कुंदाने मनातल्या मनात तिला हाकललं. माशी उडाली, कळी तिथेच. गुरव डोळे मिटून पुटपुटत होता आणि घामाने निथळत होता. बाराच्या एस.टी.ला अर्धा तास उरला. कुंदाने डोळे गच्च मिटून देवीला सांगितलं, बाई गं, तूही बाईच आहेस, एवढं एक कर.

डोळे उघडले तेव्हा उजवी कळी जागची सरकली होती. देवीच्या दंडावर जराशी अडली आणि टपकन खाली पडली.

कुंदा आनंदाने रडायलाच लागली. भागोजीने देवीपुढे डोकं टेकलं आणि तिथेच मांडीवर फॉर्म ठेवून, जीभ बाहेर काढून सही केली. भीती कुठल्या कुठे पळाली होती. एस.टी.त तो कंडक्टरला सांगत सुटला की आमच्या पोरीला भूमिती साक्षात देवीने घ्यायला लावली, आता नापास व्हायचा प्रश्नच नाय.

संध्याकाळी भागोजी गोठ्याकडे गेला होता. पडवीत आत्या तांदूळ निवडत होती. कुंदा शेजारी येऊन बसली, पण टोमणा मारल्याशिवाय तिला राहवेना. तू मला चुलीला बांधायला निघाली होतीस, म्हणाली, देवी माझ्या बाजूची निघाली म्हणून वाचले. आत्या सुपातून मान वर न काढता म्हणाली, देवीच ती, तिला कळतं.

एवढ्यात सोमा गुरव अंगणात आला. भागोजी घरात नाही ना, हे त्याने मान लांब करकरून बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"प्रयागबाय, वाटीभर खोबरेल दे गो. डावी कळी अजून देवीच्या अंगावरनं निघत नाय. तू दिलेला फणसाचा चीक जरा जास्तच लागला."