मालक अज्ञात

संग्रहालयाच्या कोठारात, अगदी जमिनीलगतच्या फळीवर, म्हातारीला तिची मुलगी सापडली. भाजलेल्या मातीचं मस्तक, दोन घट्ट वेण्या, एक कान जरा पुढे आलेला. गुडघ्यांना न जुमानता म्हातारी तिच्यासमोर फतकल मारून बसली.

मुलगी तापाने गेली, त्याच वर्षी तिच्या बापाने हे घडवलं होतं. एका कलामंडळाच्या प्रदर्शनाला दिलं आणि परत आणलंच नाही. ते डोळ्यांसमोर ठेवायची दोघांचीही छाती झाली नाही. राहू दे तिथे, म्हणता म्हणता जन्म गेला. आता बापही गेला होता आणि म्हातारीला रिकामं घर खायला उठत होतं. मुलगा शेजाऱ्यांची गाडी मागून तिला घेऊन आला होता. मागच्या सीटवर गादी घातली होती, ती आईसाठी नव्हे, ताईसाठी. स्वतःचे केस पिकले तरी तो तिला ताईच म्हणायचा.

कोठार सांभाळणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात कायदा सांगितला. वर्षानुवर्षं वस्तूची चौकशी झाली नाही, की संग्रहालय जाहीर नोटीस देतं. मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही, तर वस्तू संग्रहालयाची होते. ती मुदत गेल्याच वर्षी संपली. आता द्यायचं म्हटलं तरी ते कुणाच्याच हातात नाही.

मुलाने खिशातून ताईचा फोटो काढला. त्याच वेण्या, तोच कान. बाईंनी फोटो पाहिला, मस्तक पाहिलं आणि मान हलवली. ओळख पटली, म्हणाल्या, पण त्याने मालकी परत येत नाही.

"निदान आम्हाला विचारायचं तरी," तो म्हणाला.

"कुणाला विचारणार? ते मंडळ कधीच बंद पडलं, त्यांच्या वस्तू आमच्याकडे आल्या. आणि खाली सही नाही, नाव नाही."

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण त्याचा आता काय उपयोग? बाबांनी आयुष्यभर किरकोळ कामावरसुद्धा ठसठशीत सही केली. हिच्यावर मात्र केली नाही. पोटच्या पोरीवर कसली सही करायची, म्हणाले होते.

बाईंनी मग नोटिशीचं कात्रण दाखवलं, बहुधा स्वतःच्याच समाधानासाठी. अनोळखी बालिकेचे मस्तक, भाजलेली माती. शिल्पकार अज्ञात, मालक अज्ञात. फोटो छापलेला नव्हता.

"असल्या नोटिसा वाचतं कोण, मॅडम?"

"मी वाचली होती," खालून म्हातारी म्हणाली.

दोघांनीही खाली पाहिलं. आईचा काहीतरी गोंधळ होतोय, असं मुलाला वाटलं. पण पेपर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, हे त्याला माहीत होतं. म्हातारीने मस्तकावरची नजर काढली नाही.

"तुझ्या बाबांनाही वाचून दाखवली," ती म्हणाली. "म्हटलं, ऐकलंत का, कुणाची पोर आहे कोण जाणे, आणि घरचं कुणी न्यायलासुद्धा येत नाही."