कणकवलीचं आधार कार्ड

"माणसाच्या मनाविरुद्ध त्याचं लग्न लावील असा कायदा या देशात अजून जन्माला यायचाय," असं सौरभने विवाह नोंदणी कार्यालयाच्या बाकड्यावरून जाहीर केलं. ते ऐकून राजाराममामांनी त्याच्या मुंडावळ्यांची गाठ आणखी घट्ट केली.

"हलू नको रे," मामा म्हणाले. "सुटतायत."

सौरभच्या शेजारी श्रुतिका बसली होती, तीही मुंडावळ्यांत. मागे पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन तिचे आईवडील. साक्षीदार तीन: मामा, खात्री करून घ्यायला जातीने आलेले सोसायटीचे सेक्रेटरी, आणि जान्हवी.

वर्सोव्याला बादलीवर उभं राहिलं की न्हाणीघराच्या खिडकीतून वीतभर समुद्र दिसतो असा एक फ्लॅट आहे. तो सौरभ, श्रुतिका आणि जान्हवीने मिळून भाड्याने घेतला होता. दोन महिन्यांपूर्वी सोसायटीने ठराव केला, की मुलगे-मुली एकत्र राहणार असतील तर नवरा-बायको हवेत. ठरलेलं लग्नही चालेल, पण कागद दाखवा.

कागदाची युक्ती जान्हवीची. रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस द्यायची. पुढे काहीच केलं नाही तर तीन महिन्यांनी ती आपोआप मरते. तोवर दोघं नियोजित वधूवर आणि तिसरी मेव्हणी. त्या संध्याकाळी वाळूत मांडी घालून जान्हवी फॉर्म भरत होती, तेव्हा वधूच्या रकान्यात ती स्वतःचं नाव लिहील म्हणून सौरभने श्वास रोखून धरला होता. वर्षभर तिला जे सांगायचं राहिलं होतं, ते असं परस्पर, सरकारी नमुन्यात उरकलं असतं. पण दोघांपैकी एकाचा तरी पत्ता इथला लागतो. सौरभचं आधार कार्ड देवगडचं, जान्हवीचं कणकवलीचं. पत्ता बदलून घेण्याचा शहाणपणा केला होता तो एकट्या श्रुतिकाने.

नोटीस भिंतीवर लागली. असल्या नोटिसा कुणी वाचत नाही, असं जान्हवी म्हणाली होती आणि ते खरंही होतं. फक्त मामा भांडुपहून कसल्याशा दाखल्यासाठी त्याच आठवड्यात तिथे आले. मामांची हयात गिरणीत गेलेली. भिंतीला डकवलेला कागद आज वाचला नाही तर उद्या फाटकाला टाळं दिसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली आणि तिथूनच बहिणीला देवगडला फोन लावला.

सौरभ खुलासा करायला गावी पोचला तोवर आईने गावदेवीला कौल लावलाही होता. पाषाणाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवीचा होकार. सगळ्या गावाने पाहिलं, आणि मामांनी ते श्रुतिकाच्या आईवडिलांनाही कळवलं. मग खुलासा ऐकायला कुणी उरलंच नाही.

आता अधिकारी बाईंनी फाइल उघडली आणि तीस दिवसांत कुणाचीही हरकत आली नसल्याचं वाचून दाखवलं. सौरभ उठून उभा राहिला.

"मॅडम, माझी आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हरकत बाहेरच्याने घ्यायची असते. तुम्ही नवरदेव. तुम्हाला नको असेल तर सही करू नका, विषय संपला." आणि त्यांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.

म्हणजे दार सताड उघडं होतं. कायदा तर बाजूला सरून वाटही देत होता. सौरभने मागे वळून पाहिलं. त्या वाटेवर आई बसली होती, रात्रभर एसटीत अवघडून आलेली, पदराच्या टोकाला ती पाकळी बांधून.

"देवीन उजवो कौल दिल्यान, बाबा," ती म्हणाली. एवढंच, आणि तेही कौतुकाने.

श्रुतिका ओठ न हलवता पुटपुटली, "यार, तू नाही म्हणशील म्हणून मी निवांत होते."

"मग तू म्हण ना."

"पप्पा रडतायत. मी कशी म्हणू?"

बाईंनी टेबलावरचा कॅमेरा चालू केला. सहीआधी फोटो, साक्षीदारांनी मागे उभं राहायचं. सगळे उठले. सौरभने शेवटची आशा म्हणून जान्हवीकडे मान वळवली. तिने एक शब्द बोलावा. मग देवी, मामा, पेढे, कुणाचं काही चालणार नव्हतं. ती त्याच्याकडेच पाहत होती, कपाळाला बारीक आठी घालून, काहीतरी अडल्यासारखी. मग तिने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी आली.

"सौरभ," ती म्हणाली, "जरा खाली वाक ना. तुझ्या डोक्यामागे मी दिसतच नाहीये."