शिमग्याआधीच आलेला

"ज्याला भेटायचंय त्याचं नाव सांग," कौलांच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर बसलेला रावजी म्हणाला. "नावाबिगर आतला मानूस भायेर बोलवायचा नाय, असा मालकाचा हुकूम हाय."

चिमाने पदर पुढे ओढला. लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली, पण नवऱ्याचं नाव तिने तोंडावाटे काढलं नव्हतं. उखाण्यात घ्यावं, तर हे काही हळदीकुंकू नव्हतं.

हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. सकाळी नवरा, रघू, कामाला निघाला तेव्हा तिनेच ती चुलीमागे दडवून ठेवली होती. विसरलेली भाकरी घेऊन बायको नाचणे गावाहून शहरात आली, तर कोण काय म्हणणार? खरं कारण तिने मनातच ठेवलं होतं.

रघू मुंबईहून पौषात घरी आला होता. मुंबईला कामाला गेलेला माणूस गणपतीला येतो, शिमग्याला येतो. एरवी बोटीतून उतरला तर समजावं, काहीतरी बिघडलंय. शेजारचा महिपत असाच अवेळी उतरला होता. 'रजा हाय' म्हणायचा. गिरणीतल्या कापसाने त्याची छाती पोखरलीय, हे त्याच्या बायकोला कळलं तेव्हा रडण्यापलीकडे हातात काही उरलं नव्हतं. रघू तर रजा आहे असंही म्हणत नव्हता. म्हणे, रत्नागिरीतच काम लागलं, खाडीवर कारखाना निघालाय, आता रोज संध्याकाळी घरी. सासू देवापुढे नारळ ठेवून मोकळी झाली. चिमाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतकं सुख आपल्या दारी आपल्या पायांनी चालत येतं होय? रात्री तो खोकायचा. केसांत तांबडी धूळ असायची, पण रत्नागिरीत ती कुणाच्या अंगावर नसते? आणि काल पाणवठ्यावर सावित्री सांगत होती, तुझ्या माणसाला सरकारी इस्पितळाच्या दारात बघितला म्हणून.

"नाव घ्यायची लाज वाटत असंल तर कोडं घाल," रावजी म्हणाला. त्याला आता मजा वाटू लागली होती. "मी उलगडतो."

"अयोध्येच्या राजाचं," चिमा पदराआड पुटपुटली.

"हात्तिच्या! ए रामा, तुजी बायको आली रे!"

आतून एक ठेंगणा गडी लगबगीने आला आणि चिमाला बघून थबकला. "ही माजी नव्हं," तो घाबरून म्हणाला. पलीकडे माती तुडवणारे गडी खो खो हसले.

"आवो, ह्ये नव्हेत. दुसरे."

"दुसरा रामा हितं नाय गो बाय."

सासरी भजनात 'रघुपती' आला की चिमा तेवढा शब्द गिळायची, म्हणून तिच्या लेखी अयोध्येच्या राजाचं तेवढं एकच नाव होतं. बाकीच्या जगाला आधी राम आठवतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला एवढंच कळलं, की नवरा इथे नाही. म्हणजे तो रोज सकाळी इस्पितळाच्या पायरीवर जाऊन बसतो, औषध घेतो आणि दिवस मावळला की हसत घरी येतो.

तिचं तोंड बघून रावजीला दया आली. "आगो, दुसरीकडं बग. आता काय, जितं तितं काम हाय. बंदरावर हाय, मोटारीच्या अड्ड्यावर हाय. दुकानं तर रोज नवी उगडतायत. आमच्या गड्यांनी कौलं पार इस्पितळाच्या छपरावर चडवली. मुंबयला जायची गरज रायली नाय बग. रत्नांग्रीचीच मुंबय होनार हाय!"

चिमाला मुंबई नको होती. मुंबई माणूस कसा परत पाठवते, ते तिने महिपतच्या अंगणात बघितलं होतं.

तिने फाटकाचे गज धरले. लाज, रीत, सासूचा धाक, सगळं बाजूला पडलं, आणि इतक्या वर्षांत जे ओठांवर आलं नव्हतं ते आलं. पण ते नाव तिने आजवर सासूच्याच तोंडून ऐकलेलं. तसंच ते बाहेर पडलं.

"रघ्याऽ! ए रघ्या!"

गड्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं. रावजीने जीभ चावली. भट्टीच्या आडून कुणीतरी "काय गो आये?" अशी ओ दिली आणि धावत आलं. भुवयांपासून टाचांपर्यंत तांबडा झालेला रघू होता तो.

"आयेला काय झालं?" त्याने धापा टाकत विचारलं. त्याची नजर फाटकाबाहेर आईला शोधत होती. "हाक कोनी मारली?"

रावजीने हनुवटीने चिमाकडे दाखवलं. रघू तिच्याकडे बघतच राहिला.

कारखाना खरा होता. काम खरं होतं. माणूस आपल्या पायांनी धावत आला होता. चिमाला आनंद झाला, आणि त्या आनंदावर विश्वास ठेवायचं धाडस काही होईना. तिने गजांतून फडकं पुढे केलं.

"भाकरी इसरलाव."

फडकं घेता घेता रघू खोकला. चिमाचे डोळे लगेच त्याच्या छातीवर गेले.

"भट्टीची धूळ हाय गो," तो म्हणाला. "आनि एका भाकरीसाटी येवडी चालत आलीस? सांजचं घरी येनारच होतो की. रोज येतंय न्हवं?"

"रोज येताव," चिमा म्हणाली. "त्येचंच तर भ्या वाटतं."